धानमास्तरांची खोली

टेकराम रहांगडाले पंगतीला बसले की यजमान आचाऱ्याकडे बघायला लागायचा. माणूस काही अधाशी नव्हता, उलट चिमणीएवढं जेवायचा. पण भात वाढून झाला, त्यावर वरण पडलं, लोकांनी पहिला घास उचलला, की हे गृहस्थ चार शितं बोटावर घेऊन उजेडाकडे धरत आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "कोन्त्या धानाचा भात हाये जी हा?"

नागपूरच्या पूर्वेला, आमच्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात, एका लग्नात यावरून चांगलाच तमाशा झाला. हे मुलाकडून आलेले. मुलीच्या बापाला वाटलं, वरपक्षाने भाताला नाव ठेवलं. तो बिचारा पागोटं काढून हात जोडायला लागला, मुलीचा मामा हमरीतुमरीवर आला, म्हाताऱ्या बायका मध्ये पडल्या. हे सगळं होईपर्यंत टेकरामजी पंगतीतून उठून स्वयंपाकाच्या मांडवात पोचले होते. तांदळाच्या पोत्याशी उकिडवे बसून ते आचाऱ्याला विचारत होते, हे धान कुणाच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, ती बांधी बोडीच्या, गावतळ्याच्या, खाली आहे की वर, पाणी किती दिवस साचून राहतं. संध्याकाळी त्यांनी मुलीच्या बापाच्या ढोलीतून मूठभर धान मागून घेतलं आणि अशा चेहऱ्याने घरी आले, की लग्न त्यांचंच लागलं असावं.

गाव त्यांना धानमास्तर म्हणायचं. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मास्तर मी होतो. वर्ध्याकडून गोरेगावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलो तेव्हा मी त्यांच्या घराला लागून असलेली दोन खणांची जागा भाड्याने घेतली, आणि तिथून आमची ओळख. टेकरामजी म्हणजे पोवार शेतकऱ्याचा मुलगा, नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकलेला, कॉलेजात प्रयोग शिकवायची नोकरी लागलेला, आणि ती नोकरी सोडून परत आलेला. लोक शिकून गावाबाहेर जातात, हा शिकून बांधीत उतरला, हे कोडं गावाला शेवटपर्यंत सुटलं नाही. विद्यापीठाने त्यांना एक कागद दिला होता. त्यावर 'मानद संशोधक' असं लिहिलं होतं. मानद म्हणजे काय, असं त्यांच्या थोरल्या भावाने, चैतरामजींनी, मला एकदा विचारलं. मी म्हटलं, मान मिळतो. पगाराचं विचारल्यावर मी नकारार्थी मान हलवली. चैतरामजी बिडीची राख झटकत म्हणाले, "मान तं घरीच होता जी. त्याच्यासाठी नागपूरले कायले गेला?"

तरीही या भावाने त्यांना बोडीखालच्या दोन बांध्या काढून दिल्या होत्या. स्वतःच्या वाट्याच्या, पाण्याच्या, गावात उत्तम म्हणाव्या अशा. त्या बांध्यांत टेकरामजी दोन-दोन हातांचे पट्टे पाडत आणि एकेका पट्ट्यात एकेक जुनं धान लावत. गुरमटिया, लुचई, चिन्नोर, काळी कमोद ही नावं तर मलाही ठाऊक झाली. पण पायाने गाळ तुडवत जंगलातल्या पाड्यापाड्यांतून त्यांनी जी आणली होती त्यातल्या निम्म्यांना नावही नव्हतं. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला बांबूची खुंटी, खुंटीवर तापलेल्या सळईने डागलेला आकडा, आणि वहीत त्या आकड्यापुढे गाव आणि देणाऱ्या माणसाचं नाव.

त्या वर्षांत सरकारी खात्याचं सुधारलेलं बी गावोगाव येत होतं. लोक ते घेत आणि बापजाद्यांचं धान सोडून देत. टेकरामजींचं त्या नव्या बियाण्याशी भांडण नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, की एखाद्या साली पाणी महिनाभर तुंबलं किंवा नक्षत्रं कोरडी गेली, तर त्यात टिकणारं धान कुणाकडे तरी शिल्लक असायला हवं. आणि ते शिल्लक ठेवणं सोपं नव्हतं. "बी झोपलं हाये गुरुजी, मेलं नाही," ते मला सांगत. "पन आपल्याकडची हवा दमट. दोन पावसाळे गेले का झोपेतच मरते." म्हणून दरसाल सगळीच्या सगळी पेरायची, रोवायची, कापायची. एक साल चुकलं की काही जाती कायमच्या गेल्या.

यावर उपाय एकच होता, आणि तो म्हणजे खोली. जाड भिंती, दुहेरी छत, आतून पत्रा मारलेल्या पेट्या, पेट्यांत हवा कोरडी ठेवायला चुनकळी, आणि शेजारी बी तपासायला एक टेबल. अशा खोलीत बी बरीच वर्षं जिवंत राहील, असा त्यांचा हिशेब होता. फार मोठी मागणी नव्हती. तहसीलदाराच्या घोड्याचा तबेला याहून मोठा होता. पण ही खोली टेकरामजींच्या अंगात भिनली होती. बोलता बोलता ते तिचा नकाशा काढायला लागत. चुलीपुढच्या राखेत, बोडीच्या ओल्या मातीत, आणि एकदा तर माझ्या घरी जेवणानंतर ताटात उरलेल्या वरणात. माझी बायको म्हणाली, "भावजी, दार कुठल्या बाजूला?" तर म्हणाले, "उत्तरेले. पावसाचा झोत येत नाही तिकडून." आणि भाताच्या शिताने दार दाखवलं.

दिवाळीच्या सुटीत एकदा मी त्यांच्यासोबत चिचगडच्या बाजूला गेलो होतो. एका गोंड म्हातारीच्या झोपडीत वाशाला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा टांगलेला, आणि त्यात काळपट टोकाचं, कुसळासारख्या लांब कुसाचं धान. टेकरामजींनी एक दाणा दातात धरून फोडला आणि त्यांचे डोळेच भरून आले. म्हातारी मात्र खमकी होती. बी असंच कुणी देत नाही, बियाच्या बदल्यात बी, असा तिकडचा रिवाज. टेकरामजींनी खिशातून पुडी काढून दिली. म्हातारीने ती हुंगली, पदरात बांधली आणि विचारलं, "अन् माह्या बियाचं का करशील?"

"सरकारी खोलीत ठेवीन, बाई. तुमी नवं पेरा, काही हरकत नाही. तुमचं जुनं तिथं राहील. पाहिजे तवा या, घेऊन जा."

म्हातारीचं समाधान झालं. तिने तुंबा खाली उतरवला आणि होतं नव्हतं ते सगळं धान त्यांच्या धोतराच्या सोग्यात ओतलं. परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "टेकरामजी, खोली कुठाय?"

"येईल ना जी. अर्ज तं केला."

त्या दिवशी मला कळलं, की हा माणूस गावोगाव हेच सांगत फिरला आहे. केशोरीपासून चिचगडपर्यंत लोकांनी आपल्या घरचं शेवटचं बी त्यांच्या हवाली केलं होतं आणि निर्धास्त होऊन नवं पेरायला घेतलं होतं. आणि ज्या खोलीच्या भरवशावर हे सारं चाललं होतं, ती अजून राखेत आणि वरणातच होती.

अर्ज मी लिहायचो. इंग्रजी त्यांचंही चांगलं होतं, पण त्यांच्या अर्जात धानाचं वर्णन इतकं यायचं की मागणी काय ते शेवटच्या ओळीपर्यंत कळायचं नाही. माझं अक्षर वळणदार आणि भाषा हेडक्लार्कला आवडेल अशी. पहिल्या अर्जाला वर्षाने उत्तर आलं, की संशोधनासाठी सरकारी अनुदान फक्त इमारत असलेल्या संस्थेला मिळतं. टेकरामजींनी ते दोनदा वाचलं. "म्हंजे इमारतीसाठी पैसे पाहिजे असल तं आधी इमारत पाहिजे," ते म्हणाले. "ज्याचं जेवन झालं, त्यालेच वाढतेत का जी हे?"

मग मालगुजाराच्या हातापाया पडून त्यांनी गुरांचा एक रिकामा गोठा मिळवला आणि ती इमारत म्हणून दाखवली. उत्तर आलं, की इमारत संशोधनास योग्य असल्याचा बांधकाम खात्याचा दाखला जोडावा. बांधकाम खात्याचा माणूस आला, गोठ्यात शिरला, शिंकला आणि अयोग्य असल्याचा दाखला देऊन गेला. तोही आम्ही जोडला, की बघा, म्हणूनच तर खोली हवी. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात. आम्ही सहा वर्षं थांबलो. टेकरामजी कधी चिडले नाहीत. मला मात्र एकेकदा वाटे, ते सगळे कागद बोडीत नेऊन टाकावेत.

आणि एका वर्षी, धान कापणीला आलं असताना, पत्र आलं की समिती पाहणीला येत आहे. विद्यापीठाचे एक प्राध्यापक, सरकारी खात्याचा एक साहेब, आणि त्यांच्यासोबत कारकून. काम प्रत्यक्ष पाहून खोलीचा निर्णय घेतला जाईल. टेकरामजींनी कागदपत्रं घेऊन नागपूरला यावं आणि समितीला सोबत घेऊन जावं, असंही त्यात होतं. निघताना त्यांनी भावाला आणि मला एवढंच सांगितलं, "साहेब लोक येऊन राहिले. खळं सारवून ठेवजा. सारं नीट दिसलं पाहिजे."

लवकर येणारी धानं त्यांनी आधीच कापली होती. खळ्यावर त्यांच्या लहान लहान पेंढ्या वेगवेगळ्या मांडलेल्या, प्रत्येकीजवळ तिची खुंटी. उशिराची अजून पट्ट्यांत उभी होती.

आता पुढचं जे सांगायचं आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या त्या भागात खळ्यावर रास एकच घालतात. सगळं धान बैलांच्या पायी चुरून झालं की एक रास, तिच्यावर दिवा, आणि घरातला कर्ता माणूस तिच्या पाया पडतो. खळ्यावर दोन राशी दिसल्या की येणारा-जाणारा समजतो, या घरात भाऊ वेगळे निघाले. आणि टेकरामजींच्या खळ्यावर तर दोन नव्हे, दीडदोनशे. चैतरामजी खळं सारवून घेत होते, आणि मला दिसत होतं की त्यांचा जीव वर-खाली होतोय. शेवटी म्हणाले, "गुरुजी, नागपूरचे साहेब येतील, अन् पाहतील का भावाभावानं एकेक पेंढी वाटून घेतली? माह्या घरची काही इज्जत हाये का नाही?"

मग गाव लागलं कामाला. कुणी बोलावलं नव्हतं. धानमास्तराचा मान तो गावाचा मान, म्हणून वीस-पंचवीस माणसं आपापले विळे घेऊन आली. उभी धानं कापली, पेंढ्या एकत्र केल्या, बैलांच्या तीन जोड्या लावून सगळं चुरलं. उपणलं. संध्याकाळी खळ्याच्या मधोमध अशी देखणी रास उभी राहिली की बघत राहावं. खुंट्या कुणी टाकल्या नाहीत. त्या गोळा करून, मोळी बांधून, नीट कोपऱ्यात ठेवल्या.

मी तिथेच होतो. सहा वर्षं मी अर्ज लिहीत होतो, 'प्रत्येक जात स्वतंत्र राखणे अत्यावश्यक' हे वाक्य वळणदार अक्षरात कितीदा तरी उतरवलं होतं. आणि राशीवरचं आंब्याच्या पानांचं तोरण मी माझ्या हाताने बांधलं. मला ते सुंदर दिसत होतं. याची लाज मला अजून वाटते, आणि ती जायचीही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैलांच्या दमणीतून समिती उतरली. टेकरामजी पुढे, फाईल काखेत, चेहऱ्यावर उत्साह. खळ्याच्या तोंडाशी आले आणि थांबले. त्यांनी आधी रास पाहिली, मग पलीकडच्या रिकाम्या बांध्या, मग कोपऱ्यातली खुंट्यांची मोळी. मग चपला काढल्या, पुढे गेले आणि रिवाजाप्रमाणे राशीच्या पाया पडले. उठताना कोपरापर्यंत हात आत घातला, मूठ बाहेर काढली आणि ती उघडून बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. मी तरी ओरडलो असतो.

साहेब खुशीत होते. त्यांनी विचारलं, हे सगळं तुमच्या त्या दोन बांध्यांतलं?

चैतरामजी समोर हात जोडून उभे होते, स्वच्छ धोतर, कपाळावर गंध, तोंडभर हसू. टेकरामजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मूठ हळूच राशीवर रिकामी केली आणि म्हणाले, "होय साहेब."

साहेबांनी चैतरामजींशी हात मिळवला. गावाने त्यांना जेवू घातलं. भात अर्थातच त्याच राशीतल्या धानाचा, घाईघाईने कांडून घेतलेला. टेकरामजी पंगतीत बसले, जेवले. भाताबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

समितीचा निर्णय दोन महिन्यांनी आला. कामाची प्रगती समाधानकारक, उत्पन्न भरघोस, उपलब्ध साधनांत काम उत्तम चालू असल्याने स्वतंत्र खोलीची निकड दिसत नाही. मी ते वाचून दाखवलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, "अहो, तुम्ही त्याच वेळी सांगायचं होतं, की खोली नाही म्हणून हे असं झालं. तेवढं एक वाक्य बोलला असता तर त्यांना पटलं असतं. खोली मिळाली असती!"

ते म्हणाले, "मिळाली असती, गुरुजी. पन दादाले साहेबासमोर खाली काऊन पाहाले लावू? त्यानं आपल्या पोटाची बांधी मले देल्ली."

त्या हिवाळ्यात शाळेच्या ओसरीवर रोज संध्याकाळी ते सूप घेऊन बसत. राशीतलं पोतंभर धान त्यांनी मागून घेतलं होतं, आणि दाणा दाणा वेगळा करत होते. कूस, टोकाचा रंग, तुसाच्या रेघा, वाकडेपणा. काही जाती अशा ओळखू यायच्या. बऱ्याचशा यायच्या नाहीत. उघड्या डोळ्यांना त्या सारख्याच, फरक असायचा तो पाण्यात किती दिवस उभ्या राहतील यात, आणि ते सुपात कुठे दिसतं? मीही बसायचो त्यांच्याबरोबर, माझ्या हातून चुकाच जास्त व्हायच्या. एकदा चैतरामजी तिकडून जाताना थांबले. "का निवडून राहिला रे?"

"खडे, दादा."

"एवढे खडे? खळं तं चांगलं सारवलं होतं," असं पुटपुटत ते गेले. त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि कळू द्यायचं नाही, असं टेकरामजींनी मला बजावून ठेवलेलं.

तीनशेच्या वर जातींतल्या चाळीसेक हाती लागल्या. घरच्या तुंब्यांतून थोडंथोडं दोन-तीन सालांपूर्वीचं बी होतं, ते भिजवून पाहिलं. थोड्यांना मोड आले, बाकीचं कुजलं. चिचगडच्या म्हातारीचं लांब कुसाचं धान ओळखायला सोपं, म्हणून ते सापडलं होतं. पण पुढच्या साली त्यांना हिवतापाने धरलं, रोवणी उशिरा झाली, आणि तो पट्टा रानडुकरांनी एका फेरीत साफ केला. मग जर्मनीशी लढाई आली. आम्ही अर्ज करतच होतो, सवयीने. लढाई संपेपर्यंत कसलंही नवीन बांधकाम नाही, असं उत्तर आलं. लढाई संपली तेव्हा उत्तरच यायचं बंद झालं. एकदा मीच म्हटलं, आता नवं सरकार येईल, तेव्हा पुन्हा लिहू. ते म्हणाले, "लिहा जी," आणि लगेच दुसरंच काही बोलायला लागले. राखेत नकाशे काढणं केव्हाच थांबलं होतं.

माझी बदली झाली तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. टेकरामजी माझ्यासोबत आले. धान विकणाऱ्यांच्या ओळीत ते अजूनही प्रत्येक पोत्यात हात घालत, एक दाणा दातात फोडत, आणि पुढे जात. विचारत काही नसत.

तेवढ्यात एक शेतकरी आडवा आला. केशोरीचा, नाव त्यांनाही लगेच आठवेना. त्याने वाकून नमस्कार केला. त्याची बांधी तलावाच्या पोटात होती. नवं धान इतकी वर्षं चांगलं आलं, पण यंदा पाणी महिनाभर उतरलं नाही आणि सगळं सडलं. बापाच्या वेळचं धान पाण्यात उभं राहायचं. "तुमाले देल्लं होतं ना जी मी," तो म्हणाला. "तुमी म्हनलं होतं, पाहिजे तवा या. आता पाहिजे."

टेकरामजी म्हणाले, "नाही राहिलं, भाऊ."

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा करताहेत. "असं कसं जी? सरकारी खोलीत ठेवलं म्हनलं होतं ना! तिथून का कोनी चोरून नेते? नागपूरहून आनाले टाइम लागत असल तं लागू द्या. माही रोवणी आता पुढच्या सालीच. मी येतो ना पुढच्या हप्त्याले."

टेकरामजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकदा माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"या," ते म्हणाले. "पुढच्या हप्त्याले या."

त्याने समाधानाने खांद्यावरची रिकामी पिशवी काढली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली, बी त्यातच भरून ठेवा म्हणून. मग बाजार करायला निघून गेला. टेकरामजींनी पिशवीची नीट घडी घातली. ओळीतल्या एका धानवालीने त्यांच्या हातात पिशवी पाहून हाक मारली, "या ना मास्तरजी, कोन्तं भरू?"

त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. पिशवी काखेत धरून ते गर्दीतून पुढे गेले, आणि माझी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळचीच होती; ती पिशवी पुढे कशाने भरली, की भरलीच नाही, ते मला दिसणार नव्हतं.